ज्याचा पासपोर्ट त्याच्या गळ्यात

(मंचर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘परदेशातील क्रूझ सहलीची तयारी’. मंचरचा आणि समुद्राचा काय संबंध, असं मघाशी चहा पिताना एकांनी विचारलं. संबंध जुना आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढूनच जुन्नरला यायचा. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण तर तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलाय, त्यावर वेळ घालवत नाही.

आता मुलं पुण्याला नोकरीला लागतात आणि आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला बोटीची तिकिटं काढून देतात. विमानाने सिंगापूर, तिथून तीन-चार रात्रींची बोट, वाटेत पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. मी घरच्या मंडळींबरोबर अशी तीनदा गेले आहे. त्याआधी तीस वर्षं याच तालुक्यात भूगोल शिकवला.

कागदपत्रांचं भरभर सांगते. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने तरी हवी. बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे त्या देशात तुम्ही दोनदा शिरता. तेवढ्यासाठी व्हिसा चालतो ना, ते बघून घ्या. विमा काढताना बोटीवरचा दवाखाना आणि समुद्रातून माणसाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचा. ज्या दिवशी बोट सुटणार त्याच दिवशी विमानाने पोचू नका, एक रात्र आधी जा. मोठी बॅग बंदरावर ताब्यात घेतात आणि ती खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि पाणी तापवायची कॉइल घरी. बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची असते. आणि किनारा सुटला की मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर बोटीचं महागडं नेटवर्क आपोआप लागतं.

(‘बोटीवर बटाटेवडा मिळतो का?’ – प्रेक्षकांतून. हशा.) मिळतो. शाकाहारी, जैन सगळं मिळतं, आधी कळवायचं. आता फराळाचं विचारलंच आहे तर सांगते. आपण डबे भरतो. लाडू, चिवडा, आणि दिवाळीच्या आसपास निघालो तर अनारसे. अनारशाला काय लावतो आपण? खसखस. ती अफूच्या झाडाचं बी आहे. सिंगापूर आणि दुबई, दोन्हीकडे ती न्यायला बंदी आहे. पोळ्यांच्या डब्याखाली कागदात बांधलेली खसखशीची पुडी तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. तसाच तंबाखू. चघळायचा तंबाखू, गुटखा, खैनी, काही म्हणजे काही सिंगापुरात न्यायचं नाही. मागच्या रांगेतल्या काकांनी खिसा चाचपला. (हशा.) काका, इथे राहू द्या, तिथे नको.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगणार. बोट सुटण्याआधी सगळ्यांना एका जागी बोलावून जीवरक्षक जॅकेट दाखवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोका. आपली माणसं तेव्हा फोटो काढत असतात. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कोर्डिया बोट खडकावर गेली, 32 माणसं गेली. बोटीवरच्या कितीतरी प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. इटली कशाला? 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, मुंबईला कळायलाच फार वेळ गेला. म्हणून सांगते, भोंगा ऐकायला शिका, आणि घरातल्या प्रत्येकाने ऐकायला शिका.

प्रत्येकाने. मी आले आहे ती या एका शब्दासाठी.

दुसऱ्या सहलीची गोष्ट. आम्ही अकरा जण. थोरल्या जाऊबाई पहिल्यांदाच देशाबाहेर. भाऊजी मोठे काळजीवाहू. सगळ्यांचे पासपोर्ट, बोटीची कार्डं, पैसे, सगळं त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात. ‘तुम्ही हरवाल, माझ्याकडे राहू द्या.’ पेनांगला बोट थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागते, उतरून चालत गेलं की तमिळ लोकांची पेठ. तिथे क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं देऊळ आहे, 1833 सालचं. देवळाबाहेर गजरे विकणारी बाई. जाऊबाई गजऱ्यापाशी थांबल्या, आम्ही पुढे गेलो, आणि गल्लीचं वळण आलं.

चाळीस मिनिटं. जाऊबाईंच्या हातात गजरा आणि पर्समध्ये रुमाल. बोटीचं नाव काय? पांढरी, मोठी. दोन पांढऱ्या, मोठ्या बोटी धक्क्याला होत्या. नवऱ्याचा नंबर? घरी तो फोनमध्ये ‘हे’ म्हणून साठवलेला, आणि फोन भाऊजींच्या बॅगेत चार्जिंगला. शेवटी त्या गजरेवालीने दुकान शेजारणीवर सोपवलं आणि हाताला धरून त्यांना धक्क्यापर्यंत आणलं. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, कार्ड. कार्ड भाऊजींकडे, आणि भाऊजी घामाघूम होऊन देवळामागच्या गल्ल्यांत हाका मारत फिरताहेत. मी फाटकाशी पोचले तेव्हा जाऊबाई रडत नव्हत्या. मूठ घट्ट आवळलेली होती. उघडली तर आत मोगऱ्याचा लगदा. मला म्हणाल्या, “बाई गं, मी कोण आहे हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.”

पुरुष मंडळींत कुजबुज सुरू झाली, ऐकू येतेय. ‘बायकांनी पासपोर्ट हरवले म्हणजे?’ हरवेल एखादा. एक हरवला तर एकाचा हरवतो. तुमचा पट्टा गेला तर अकरांचे जातात. मी भाऊजींना दोष देत नाही, त्या दिवशी सगळ्यात जास्त हाल त्यांचे झाले. पण अहो, आपल्याच कल्याणच्या जोशांची लेक, आनंदीबाई, 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून आगबोटीत चढली. वय 18. नात्यातलं कुणी बरोबर नाही, ओळखीच्या मिशनरी बायका तेवढ्या. 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. निघण्याआधी सेरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून, आपण का जातोय ते तिने सांगितलं होतं. तीन वर्षांत डॉक्टर झाली. कुठे जायचं, कुणाकडे उतरायचं, हे तिला पाठ होतं. आणि आपण तीन-चार रात्रींच्या बोटीवर आईला बोटीचं नाव सांगत नाही?

(चिठ्ठी आली.) पाच मिनिटं, बरं. घोडेगावची शेवटची एसटी आहे, माहीत आहे मला. फुकेतचं राहिलं. तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. मोबाइल स्वतःहून तिथली वेळ दाखवतो आणि बोट आपल्या वेळेने सुटते. मनगटावर साधं घड्याळ बांधा, बोटीच्या वेळेचं, आणि त्याला हात लावू नका. समुद्र लागतो त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी.

आता हे बघा. ही पिशवी जाऊबाईंनी शिवली, खणाची. पासपोर्ट साडेबारा सेंटीमीटर लांब आणि नऊला थोडा कमी रुंद, त्याहून बोटभर मोठी. गळ्यात अडकवायची, पदराआड राहते. काही बोटींवर पासपोर्ट जमा करून घेतात, मग त्याची छायाप्रत ठेवायची. आत स्वतःचं कार्ड आणि हा कागद. त्यावर बोटीचं नाव, धक्क्याचं नाव, परत चढायची वेळ, घरच्या दोघांचे नंबर. बंदरावरच्या एजंटाचा पत्ता बोटीवर रोज मिळणाऱ्या पत्रकात असतो, तो उतरवून घ्यायचा. कागद ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा. जाऊबाईंनी मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा लिहिलाय. इंग्रजी अक्षरं नातवाकडून गिरवून घेतली, आठ दिवस लागले.

पिशवी टेबलावर ठेवते. माप घ्यायचं असेल त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन या, मी एसटीला थांबायला सांगितलंय.