पहिला रुपया कोणाचा घ्यावा?



स्वतःच्या हिमतीवर नियमित लिहिणाऱ्याने त्या लेखनातून पैसे कधीपासून मिळवावेत, असा विषय मला दिला गेला आहे. आज हा प्रश्न पुष्कळ तरुणांपुढे आहे. कोणी दर आठवड्याला गडकिल्ल्यांवर लिहितो, कोणी बाजार समितीतल्या कांद्याच्या भावांवर. हळूहळू वाचक जमतात आणि मग घरची मंडळी विचारू लागतात, 'याचं पुढे काय?' त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: आधी वाचक वाढू द्या, पैशाचे मागाहून पाहू. मला हा सल्ला पटत नाही. पैसा कोणाच्या खिशातून येणार, हे आधी ठरवावे लागते. कधी घ्यायचा, हे त्यावरून आपोआप ठरते.

आपल्याकडे एकहाती लेखनाचे ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. १८७४ साली ती सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. बहुतेक सारा मजकूर शास्त्रीबुवांचाच. यातली बरीच वर्षे ते सरकारी शाळेत शिक्षक होते; पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली तरी माला थांबली नाही. १८७९ साली त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. मालेवर घर चालू लागले म्हणून? मला तसे वाटत नाही. लगेच जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, पुढच्या वर्षी 'केसरी' निघाला. चित्रशाळा आणि किताबखाना हे उद्योगही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहेत. पोटापाण्याचा सगळा भार त्यांनी मालेवर टाकला नव्हता. आणि मालेचे अखेरचे अंक काढून पाहा. 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध तिथे आहे, ज्यावर इंग्रज सरकारने पुढे बंदी घातली. सरकारचा पगार घेणाऱ्या मास्तरला तो तसा लिहिता आला असता का? नोकरी सोडल्याने त्यांना मिळाले ते हे. वयाचे बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधी ते गेले. हाती असलेला काळ किती थोडा होता, हे आज ध्यानात येते आणि मन हळहळते.

तेव्हा वर्गणी घेण्याची वेळ वेगळी आणि नोकरी सोडण्याची वेळ वेगळी. आपण या दोन्हींची गल्लत करतो.

वर्गणी पहिल्या दिवसापासून घ्यावी, अगदी थोडी का होईना. दोन-तीन वर्षे फुकट वाचायला घालून मग किंमत लावली, की जुन्या वाचकाला आपल्या हातातले काही काढून घेतल्यासारखे वाटते आणि तो रुसतो. त्यात त्याचा दोष नाही. पहिल्यापासून पैसे भरणारा वाचक मात्र हक्काने तक्रार करतो, चूक दाखवतो, अंक उशिरा आला तर विचारतो. लिहिणाऱ्याला शिस्त लागते ती यातून.

नोकरी सोडण्याचा विचार मात्र पहिल्या वर्षीच्या वर्गणीवर करू नये. पहिल्या वर्षी कोण वर्गणी भरते? मावशी, वर्गमित्र, कचेरीतले सहकारी. ती माणसाला दिलेली वर्गणी असते. लेखनाला मिळते ती दुसऱ्या वर्षाची. जुन्या काळी मासिकवाले वर्गणी संपली की व्ही.पी.ने अंक पाठवायचे. पोस्टमन दारात उभा, पैसे मोजून अंक सोडवायचा की 'नको' म्हणायचे, हे तिथल्या तिथे ठरायचे. मग परत आलेल्या अंकांचा गठ्ठा कार्यालयात येऊन पडायचा, त्यावर जातायेताचे शिक्के, आणि टपालखर्च मासिकाच्या अंगावर. फार कडू औषध होते ते, पण मासिकाची खरी प्रकृती त्या गठ्ठ्यावरून कळायची. आज पैसे मोबाईलवरून येतात आणि सोडून जाणारा वाचक मुकाट्याने जातो. म्हणून ज्यांनी पुन्हा पैसे भरले, तेवढेच स्वतः मोजावेत. लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या वर्गणीत घरखर्चाचा निम्मा वाटा निघाला, तर नोकरीचा विचार करावा. निम्मा हा माझा अंदाज आहे. ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत त्याने तो वाढवून घ्यावा.

आता जाहिरात. दिवाळी अंक काढणारे कोणीतरी तुमच्या ओळखीत असेल. गणपती बसायच्या सुमारास ते पिशवीत दरपत्रक घेऊन निघतात. अर्धे पान, पूर्ण पान, मलपृष्ठ, प्रत्येकाचा दर निराळा. सहकारी बँक, साखर कारखाना, सराफ, बिल्डर. शुभेच्छांच्या त्या पानांवर मराठीतल्या कितीतरी चांगल्या कथा उभ्या राहिल्या आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण ज्या कारखान्याचे पूर्ण पान आहे, त्याच कारखान्याने उसाची बिले थकवली, तर त्या अंकात लेख येईल का? या प्रश्नाला ठाम 'हो' म्हणता येईल तेव्हा जाहिरात घ्यावी, तोवर थांबावे. एक जाहिरातदार रागावून गेला तरी अंक निघेल, एवढे बळ वर्गणीतून आधी आलेले असले पाहिजे.

गांधीजींनी तर जाहिरातच नाकारली. दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'साठी एके काळी ते महिन्याला ७५ पौंड स्वतःच्या मिळकतीतून घालत. पुढे तिथल्या जाहिराती त्यांनी बंद केल्या. 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्ये तर त्या पहिल्यापासून घेतल्याच नाहीत. वाचकांना ज्याची गरज वाटते ते पत्र वाचकांनीच चालवावे, असे त्यांचे म्हणणे. माझे मन याच बाजूला आहे.

पण इथे मला थांबावे लागते, कारण वाचकाकडेच पैसे नसले तर? बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. ते पत्र १९२३ साली बंद पडले. १९२७ साली त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. पोटासाठी वकिली, शिवाय चळवळ, आणि वर अंकाचा बहुतेक मजकूर स्वतः लिहायचा. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांना वर्गणी परवडत नव्हती. या पत्राचे ऋण समाजावर आहे की नाही, असा प्रश्न त्यांना लेख लिहून लोकांपुढे मांडावा लागला. दोन-अडीच वर्षांत तेही थांबले. हे आठवले की 'वाचकाने पैसे द्यावेत' हे वाक्य मला सरसकट म्हणवत नाही. शाहू महाराजांसारखी मदत तिथे लागतेच, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. देणाऱ्याचे नाव उघड असावे आणि मजकुरावर त्याचा हात नसावा, एवढे पाहिले म्हणजे झाले.

ज्यांना ऐपत आहे अशा वाचकांकडूनही ही मदत उभी करता येते. वर्गणीच्या अर्जात एक जादा रकाना ठेवा: आणखी एका वर्गणीचे पैसे भरून ती कोणाला द्यायची. भरणारे सुरुवातीला थोडेच निघतील. अंक कोणत्या गावच्या वाचनालयात जावा हे त्यांनाच लिहू द्या. माणसे आपल्या गावाचे नाव हौसेने लिहितात.