कातडीचे दुखणे आणि मनातला विटाळ

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. वर्धापनदिनाला खरूज-नायट्यावर काय बोलायचे, असे काहींनी आम्हाला विचारले. पण हा विषय घराघरात आहे आणि घराघरात लपवलेला आहे, म्हणूनच तो घेतला.

आधी स्वतःचे सांगतो. रिंग फ्रेम खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात. धाग्याला जे मानवते ते कामगाराच्या जांघेला मानवत नाही. आम्हाला तिथे नायटा झाला. लाज वाटली. घरी बोललो नाही, डॉक्टरकडे गेलो नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, आम्ही खूश. ट्यूब बंद केली की आठ दिवसांत पुन्हा चट्टा, आधीपेक्षा मोठा. असे तीन वर्षे चालले. टॉवेल एकच, त्यामुळे घरात मंडळींना झाला, पोरांना झाला. शेवटी कातडी कागदासारखी पातळ झाली, जांघेत चिरा दिसायला लागल्या, तेव्हा चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली, वेष्टन वाचले आणि म्हणाले, "काका, तुम्ही नायट्याला खतपाणी घातलंत."

झाले होते असे. नायटा, म्हणजेच गजकर्ण, ही बुरशी आहे. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल नावाचे जालीम स्टिरॉइड होते. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबते, शरीराची बुरशीशी लढायची ताकदही तिथल्या तिथे दाबते. वरून बरे दिसते, आतून बुरशी पसरते. आता तर आपल्या देशात बुरशीची अशी जात पसरली आहे की नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. 2020 साली शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले, त्या नावातही 'इंडो' आहे. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीचशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा झाला, पण काउंटरवर काय चालते हे तुम्ही-आम्ही जाणतो.

नायटा बरा होतो, हे नीट ऐका. पण डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घ्यावे लागते, डाग गेला म्हणून मध्येच सोडायचे नाही. घरात ज्याला ज्याला झालाय त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार करायचे. टॉवेल, अंतर्वस्त्रे वेगळी, गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात वाळवायची. अंघोळीनंतर अंग कोरडे करायचे, कपडे सैल आणि सुती घालायचे. एवढेच.

दुसरा प्रकार असा की जो एकदाचा बरा होऊन जात नाही, सांभाळावा लागतो. इसब आणि सोरायसिस त्यातले. सिमेंटने गवंड्याचे हात फुटतात, मशीनच्या तेलाने फिटरचे. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याला औषधाने खाज सुटते. गाजरगवताने तर तोंड-मान काळी पडून चरबरते. इथे कारण ओळखून त्यापासून दूर राहणे, हातमोजे घालणे, हाच अर्धा उपचार. सोरायसिसमध्ये कातडीची नवी पेशी तयार होऊन झडायला महिना लागायचा तो काही दिवसांवर येतो, म्हणून खपल्या साचतात. तो घाणीमुळे होत नाही आणि कोणाला लागत नाही. आपल्या नाशिकची थंडी कोरडी, त्यात तो वाढतो. चिंता, दारू, विडी-सिगारेट यांनीही वाढतो. कोमट पाण्याने अंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन, डॉक्टरांचे मलम, गरज पडली तर दवाखान्यातला प्रकाशोपचार, त्याहून पुढे गोळ्या. गोळ्या चालू असताना रक्त तपासून घ्यावे लागते. सांधे सुजले तर तेही डॉक्टरांना सांगायचे, तो त्याच रोगाचा भाग असू शकतो. आणि स्टिरॉइड म्हणजे विष असेही समजू नका. इसबावर डॉक्टर तेच मोजून-मापून देतात. बाजारात पंधरा दिवसांत मुळासकट बरे करतो म्हणून पुड्या विकणारा भेटतो, त्याच्या पुडीत काय आहे हे मात्र कुठे लिहिलेले नसते. जन्माचा सोबती असलेला रोग पंधरा दिवसांत जात नाही. पण नीट सांभाळला तर माणूस नोकरी करतो, संसार करतो, चळवळही करतो.

आता एक कबुली. आमच्या खात्यात सोरायसिसचा एक कामगार होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबा उचलून दुसऱ्या बाकावर जायचो. तोंडाने काही बोललो नाही, पण त्याला कळत होते. पुढे तो एकटाच मशीनमागे बसून जेवायला लागला. युनियनच्या सभेत समतेवर भाषण करणारे आम्ही, आम्हाला हे दिसले नाही.

ते दिसले आमच्या भाचीमुळे. तिच्या हातावर आणि मानेवर कोड आहे. कोड म्हणजे कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होणे. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही, पापाने होत नाही, स्पर्शाने लागत नाही. मलम आणि प्रकाशोपचाराने काहींचा रंग परत येतो, डाग वाढायचे थांबले असतील तर कातडीचे रोपणही करतात. काहींचा रंग येत नाही. काही लोक त्याला पांढरे कुष्ठ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. कोडाच्या डागाला स्पर्श कळतो. डाग बधिर असेल, टोचलेले कळत नसेल, तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. आणि तोही सहा महिने ते वर्षभर औषध घेऊन पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पूर्वी कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मिळत असे, ते कलमही 2019 साली काढून टाकले.

तर भाचीला बघायला पाहुणे आले. आपल्याच समाजाचे, शिकलेले. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसले. नंतर नकार आला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपण कुठल्या गावात बसून ऐकतो आहोत? 2 मार्च 1930 ला याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. आपल्या स्पर्शाने विटाळ होतो म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध आपली माणसे वर्षानुवर्षे उभी राहिली. त्यांच्याच नातवंडांनी एका पोरीच्या हातचे पाणी नाकारले. जातीचा विटाळ धुतला आणि कातडीचा जपून ठेवला, असे झाले.

भगवंतांनी काय केले ते विनयात आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा जुनाट रोग होता. लस येऊन चीवर अंगाला चिकटायचे, भिक्खू पाण्याने भिजवून ते सोडवायचे. भगवंतांनी पाहिले, चौकशी केली आणि अशा रोग्याला औषधी चूर्ण वापरायची परवानगी दिली. आणखी एक दिली, खाज-फोड असणाऱ्याने चीवराच्या आत बेंबीपासून गुडघ्यापर्यंत वेगळे वस्त्र वापरावे. पूर्वजन्मीचे पाप तिथे कोणी विचारले नाही. अडचण पाहिली, उपाय दिला, आणि माणूस संघातच राहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याच्या दीक्षेला जागा दिली आहे.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, 2001 साली 'श्वेता असोसिएशन' काढली आणि कोड असलेल्यांना उघडपणे एकत्र आणले. 2006 साली 'नितळ' हा मराठी चित्रपट याच विषयावर आला. आपण एवढे मोठे काम करू न करू, दोन गोष्टी तरी करू. येत्या पौर्णिमेला घरात असतील नसतील त्या सगळ्या मलमाच्या ट्यूबा विहारात आणा, वेष्टन आपण मिळून वाचू. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही नावे ज्यावर दिसतील आणि ज्याची चिठ्ठी नसेल, ती घेऊन सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत जाऊ. लाज वाटेल त्याच्याबरोबर आम्ही स्वतः येऊ. आणि दुसरी, सोयरीक जमवताना डाग पाहून माणूस नाकारणार नाही, असे आज मनाशी ठरवा.

यानंतर भोजनदान आहे. पाण्याच्या पिंपाजवळ आमची भाची उभी आहे. तिला विचारूनच हे सगळे बोललो. सर्वांनी पाणी घेऊन जावे.

नमो बुद्धाय. जय भीम.