समुद्र, काल आणि कॅमेरा

समुद्राचीं कृष्णधवल छायाचित्रें काढण्याची एक रीत आज फार लोकप्रिय झाली आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावयाचा, भिंगापुढें गडद राखी कांच लावावयाची आणि प्रकाशाचें दार मिनिट-दोन मिनिटें उघडें ठेवावयाचें. तेवढ्या वेळांत दहा-पंधरा लाटा येतात आणि जातात. कोणतीच एक उमटत नाहीं, सर्वांची मिळून दुधासारखी सपाटी होते. चित्र शांत दिसतें, हें खरें. परंतु अशीं दहा चित्रें ओळीनें पाहिलीं, म्हणजे तीं एका किनाऱ्याचीं कीं दहा किनाऱ्यांचीं, हें ओळखतां येत नाहीं.

माझे एक स्नेही मालवणास राहून अशींच चित्रें घेऊन आले. बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगांव राजा हें त्यांचें गांव. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. घरांतील एका वृद्ध बाईंनीं चित्र हातीं घेतलें आणि विचारलें, "इतका कापूस कोणाच्या वावरातला व्हय बाप्पा?" खामगांवच्या कापूसबाजाराजवळ जन्म गेलेल्या दृष्टीला दुसरें काय दिसणार? मला मात्र ती टीका मार्मिक वाटली. चित्रांत पांढरें भरपूर होतें, त्याला आधार देणारें काळें नव्हतें. समोर १६६४ ते १६६७ या कालांत बांधलेला सिंधुदुर्ग उभा, आणि त्याचा तट भर दुपारच्या उजेडांत धुरकट राखी झालेला!

अशा चित्राची सुधारणा किनाऱ्यावरच सुरू होते. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या प्रकाशांत, ओहोटी लागल्यावर जावें. ओला खडक कोरड्याहून पुष्कळ काळा दिसतो; तोच चित्राचा कणा. ओहोटीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते, तेव्हां काल साधलेली वेळ आज साधेलच असें नाहीं. तिपाईचे पाय वाळूंत खोल दाबावेत, कारण परतणारें पाणी त्यांच्याखालची वाळू ओढून नेतें.

आतां कालाचा हिशेब. एका पायरीची राखी कांच प्रकाश निम्म्यावर आणते. दहा पायऱ्यांच्या कांचेनें तो सुमारें हजारपट कमी होतो, म्हणून एकसाठांश सेकंदाचें काम सतरा सेकंदांवर जातें; सहा पायऱ्यांच्या कांचेनें तें एका सेकंदाच्या जवळपास राहतें. माझा कल या सहा पायऱ्यांकडे आहे. एका सेकंदांत परतणारी लाट दगडांभोंवतीं पांढऱ्या रेघा ओढते. पाणी कोणत्या दिशेनें आणि किती जोरानें गेलें, तें त्यांत वाचतां येतें.

याहून महत्त्वाचें कारण वेगळें आहे. दागेर यानें १८३८ मध्यें पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता वाहता होता, पण प्रकाश घेण्यास कित्येक मिनिटें लागलीं आणि सारी रहदारी नाहींशी झाली. जोडे पुसून घेण्यासाठीं थांबलेला एक मनुष्य तेवढा ठळक उमटला. मालवणच्या पुळणीवर रापण ओढणाऱ्या माणसांची तीच गत होते. दोन मिनिटांच्या चित्रांत ना माणसें, ना दोर. किनारा जसा कांहीं कोणाचाच नव्हता! दागेरपुढें दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढें आहे. रापणकर दोर ओढतांना मागें झुकून क्षणभर स्थिर होतात. पाव ते एक सेकंद एवढ्या कालांत तीं शरीरें ओळखूं येतात आणि पाणीही मऊ होतें.

पाणी एका चित्रांतून आणि माणसें दुसऱ्यांतून घेऊन जोडावीं काय? फ्रान्समधील ल ग्रे यानें १८५० नंतरच्या दशकांतच आकाश व समुद्र दोन निराळ्या कांचांवरून एका कागदावर उतरविले होते. त्याच जागचीं, त्याच वेळचीं दोन चित्रें जोडण्यास माझी हरकत नाहीं. खालीं तसें लिहावें म्हणजे झालें.

छापतांना संपूर्ण चित्राचा गडदपणा एकदम वाढवूं नये. खडक आणि तट तेवढे वेगळे गडद करावेत. फेंस कोऱ्या कागदाहून किंचित् खालींच ठेवावा. कोरा कागद दिसला, कीं तेथें पाणी संपलें.

पावसाळ्यांत खडक निसरडे असतात. नारळी पौर्णिमेनंतर परंपरेनें होड्या पुन्हा समुद्रांत जातात, तेव्हां निघावें. जवळ गोड्या पाण्याची बाटली आणि मऊ कापड असावें. भिंगावर उडालेला खारा थेंब कोरडा घासला तर कांचेवर चरे पडतात. तो आधीं ओल्या कापडानें टिपावा, मग पुसावा.