झाकलेला रकाना



मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं आयुष्य वंध्यत्वावर उपचार करण्यात गेलं. आज समोर एम.बी.बी.एस. आणि एम.डी. झालेले डॉक्टर आहेत, तशीच जनुकशास्त्राची आणि भ्रूणशास्त्राची पदवी घेणारी मुलंमुलीही आहेत. दीक्षान्त समारंभात देशाचं भवितव्य, विज्ञानाची झेप असं काही मोठं बोलायची पद्धत आहे. मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो लवकरच तुमच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसणार आहे, आणि त्या वेळी जवळ एकही प्राध्यापक नसेल.

आयव्हीएफसाठी आलेल्या जोडप्याला सगळं समजावून झालेलं असतं. खर्चाचा आकडा सांगून झालेला असतो, सह्या झालेल्या असतात. मग नवरा किंवा सोबत आलेल्या सासूबाई जरा पुढे सरकतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘मॅडम, एवढा खर्च करतोच आहोत, तर मुलगाच होईल असं काही करता येईल का?’ ही माणसं दुष्ट नसतात. कुणी दागिने गहाण ठेवून आलेलं असतं. कुणाच्या घरी आधीची एक गोड मुलगी असते, तिचे फोटो ते मला मोबाइलवर कौतुकाने दाखवतात. आणि तरीही प्रश्न येतोच.

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर ‘हो, करता येतं’ असं आहे. फलनानंतर पाचव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोहोचतो. ज्या बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते, त्यातल्या मोजक्या पेशी काढून जनुकीय तपासणीला पाठवतात आणि भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून देतात. तपासणीत गुणसूत्रांच्या तेवीसही जोड्यांचा हिशेब निघतो. तेविसावी जोडी वगळून वाचण्याची सोय यंत्रात नाही. एक्स आणि वाय त्याला दिसतातच. आपल्याकडे अहवाल बाहेर पडताना तेवढा रकाना झाकलेला असतो, आणि तो झाकणं कायद्याने बंधनकारक आहे. तो झाकणारा हात तुमच्यापैकी कुणाचा तरी असणार आहे.

या तंत्राचा जन्म कसा झाला, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. १९९० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भ्रूणाची एक पेशी काढून त्यात वाय गुणसूत्राचा अंश आहे का, हे तपासलं. ज्या स्त्रियांसाठी ते करत होते, त्यांच्या घराण्यांत एक्स गुणसूत्रातून उतरणारे गंभीर आजार होते. मुलग्याकडे एक्स एकच असतो, त्यामुळे दोष असला तर त्याला सावरणारी दुसरी प्रत नसते. म्हणून मुलींचे भ्रूण निवडले गेले. त्यांच्या त्या पहिल्या शोधनिबंधातल्या दोघींनाही जुळ्या मुलींचा गर्भ राहिला होता. प्रयोगशाळेत लिंग पाहून गर्भाशयात सोडलेल्या ज्या मानवी भ्रूणांतून पहिल्यांदा गर्भ रुजला, ते मुलींचे होते, आणि ते ज्या घरांनी आनंदाने स्वीकारले, त्यांनी आजारी मुलग्यांचं दुःख पाहिलेलं होतं.

हे सांगते, कारण तंत्राला शिव्या देणं सोपं असतं आणि मला ते करायचं नाही. ड्युशेन या आजारात स्नायू झिजत जाणारा मुलगा ज्या आईने उचलून फिरवला आहे, तिला पुढच्या खेपेला आधार देणारं हे शास्त्र आहे. थॅलेसेमिया असो, विदर्भात घराघरांत ठाण मांडून बसलेला सिकलसेल असो, तिथे भ्रूणाची तपासणी एका कुटुंबाचं आयुष्य बदलू शकते. आपल्या कायद्यानेही लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी ही वाट मोकळी ठेवली आहे. माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे, ज्यात आजार कुठेच नसतो.

या भांडणाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून लिंग सांगणारे दवाखाने उघडपणे जाहिराती करत होते. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर असे. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी मिळून तेव्हा एक मंच उभारला. लिंगनिदानाबरोबरच गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही विरोध, अशी त्या मंचाची भूमिका अगदी सुरुवातीपासून होती. आयव्हीएफ तेव्हा देशात नुकतं पाय रोवत होतं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली आयव्हीएफचं मूल जन्मलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. इतक्या लवकर इतकं पुढचं पाहणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमलबजावणी १९९६ पासून. त्यात गर्भधारणेपूर्वीची निवड सुटली होती. मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ पासून शुक्राणू, बीजांड, भ्रूण अशा कुठल्याही टप्प्यावर लिंग निवडण्यास बंदी आली. आयव्हीएफ केंद्रांसाठी २०२१ साली जो वेगळा कायदा झाला, त्यातही ही बंदी पुन्हा नोंदली आहे. शिक्षेची कलमं तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली आहेत, ती मी इथे म्हणत बसत नाही.

आता या प्रश्नामागचा सगळ्यात सभ्य युक्तिवाद घेऊ. दोन मुली असलेल्या मुंबईच्या एका जोडप्याने लिंगनिवडीवरच्या बंदीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला मुली नकोशा नाहीत, आम्ही गर्भपातही मागत नाही, आम्हाला फक्त कुटुंबात समतोल हवा आहे. २००७ साली न्यायालयाने ते फेटाळलं आणि अशी निवड स्त्रीत्वाचा अपमान करणारी आहे, असं बजावलं. पण न्यायालयाने फेटाळलं म्हणून युक्तिवाद मेला नाही. आजही तो माझ्या खोलीत इंग्रजी शब्द लेवून येतो, ‘फॅमिली बॅलन्सिंग’.

समतोल हाच हेतू असेल, तर तो दोन्ही बाजूंनी दिसायला हवा. ज्यांचं पहिलं मूल मुलगा आहे, त्यांनी मुलगी मागायला यायला हवं. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या राष्ट्रीय पाहण्यांवर आधारलेला एक अभ्यास आला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला १९९० साली दर १,००० मुलग्यांमागे ९०६ मुली जन्मत होत्या; २००५ साली ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण झाली नाही. म्हणजे तराजू एकाच बाजूला झुकला होता. आणि ही घसरण कुठे जास्त होती? दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिकलेल्या आयांच्या घरांत, सुस्थितीतल्या घरांत. आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. २०११ साली बीड जिल्ह्यात तो आकडा ८०७ इतका खाली गेला, आणि सगळीकडे ‘मागास’ हा शब्द वापरला गेला. पण त्याआधी दहा वर्षं उसाच्या, दुधाच्या पैशाने भरलेल्या कोल्हापुरात तो ८३९ होता, हे विसरू नका.

गरिबी, हुंडा, अडाणीपणा ही कारणं आपण सांगत आलो. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेच्या आधारे तिथल्या भारतीय, चिनी आणि कोरियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास झाला. पहिल्या दोन मुली असल्या तर तिसऱ्या खेपेला मुलींच्या दीडपट मुलगे जन्मले होते. तिथे शेत वाटायचं नव्हतं, म्हातारपणी निवृत्तिवेतन होतं. तिथे पैसे मोजून भ्रूणाचं लिंग निवडण्यास देशव्यापी मनाईही नाही. आपल्या ओळखीची मराठी कुटुंबंही तिथे राहतात. त्यांच्यातलं कुणी तुम्हाला सल्ला विचारायला फोन करेल, तेव्हा हा आकडा आठवा.

आणखी एक गोष्ट या युक्तिवादात कधीच बोलली जात नाही, ती म्हणजे त्या बाईचं शरीर. जिच्या नळ्या मोकळ्या आहेत, पाळी नियमित आहे, जिला नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात, अशा निरोगी बाईला निव्वळ निवडीसाठी आयव्हीएफमध्ये आणलं जातं. दहा-बारा दिवस पोटात संप्रेरकांची इंजेक्शनं, वरचेवर सोनोग्राफ्या, भूल देऊन सुईने बीजांडं काढणं. काहींच्या अंडाशयांची अतिप्रतिक्रिया होते, पोटात पाणी साठतं, श्वास लागतो. क्वचित ते जिवावरही बेततं. यातला आजार कुणाचा होता, हे विचारा. तो तिचा नव्हता. एरवी आपण वंध्यत्वाच्या रुग्णाला हे सगळं सोसायला सांगतो, कारण तिला मूल हवं असतं आणि दुसरा मार्ग नसतो. निरोगी बाईला ते सोसायला लावणं हा उपचार नव्हे, आणि त्यासाठी तिची सही घेतली म्हणून तो उपचार होत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या कृत्याच्या स्वच्छपणाची. २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपात करताना एका तरुणीचा जीव गेला, म्हणून ते उघडकीला आलं. ते भयंकर होतं, पण तिथे खणून काढता येईल असं काहीतरी होतं. प्रयोगशाळेतल्या निवडीत खणण्यासारखं काही उरत नाही. रक्त नाही, गर्भपात नाही, तक्रार करणारं कुणी नाही. चार निरोगी भ्रूणांपैकी कुठला गर्भाशयात सोडला आणि कुठला टाकून दिला, याला दोन-तीन माणसं आणि एक नोंदवही एवढेच साक्षीदार. म्हणून नोंदींना कारकुनी काम समजू नका. अपुऱ्या नोंदी म्हणजे किरकोळ चूक, असा दावा आपल्याच डॉक्टरांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केला होता. २०१९ साली न्यायालयाने तो मान्य केला नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. या गुन्ह्यात कागदाशिवाय दुसरा पुरावाच नसतो.

आता तुम्ही नकार कसा द्याल? मी पुष्कळ डॉक्टरांना असं म्हणताना ऐकलं आहे, ‘कायद्याने बंदी आहे हो, नाहीतर केलं असतं.’ कृपा करून असं बोलू नका. हे ऐकून माणूस जिथे कायदा नाही तिथली वाट शोधतो. परदेशातल्या केंद्रांचे दलाल या एका वाक्याची वाटच पाहत असतात. ‘मी हे करत नाही’ असं म्हणा. रागावून नको, उपदेश करून नको, पण पुढे चर्चेला जागा राहणार नाही इतक्या स्पष्टपणे. मग त्या बाईला एकटीला आत बोलवा. आपल्या कायद्याने गृहीत धरलं आहे की तिच्यावर घरच्यांनी दबाव आणला आहे. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती गुन्हेगार नाही. तिच्याशी पाच मिनिटं बोललात, तर पुष्कळदा असं कळतं की तो प्रश्न तिचा नव्हताच. तिला हे चक्रच नको असतं, आणि ‘डॉक्टर नको म्हणाल्या’ एवढं घरी सांगता आलं तरी तिची सुटका होते. तेवढं तिला द्या.

हे बदलत नाही, असं कुणी सांगितलं तर दक्षिण कोरियाकडे बोट दाखवा. १९९० साली तिथे दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. निसर्गात ते १०५ च्या आसपास असतात. डॉक्टरांना लिंग सांगण्यास तिथे १९८७ सालापासूनच बंदी होती, म्हणजे नुसत्या बंदीने भागलं नव्हतं. मुली शिकल्या, कमावू लागल्या, कुटुंबाचा प्रमुख पुरुषच असा नोंदणीचा कायदा गेला, आणि वीसेक वर्षांत प्रमाण निसर्गाच्या पातळीवर आलं. २०२४ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लिंग सांगण्यावरची उरलीसुरली बंदीही काढून टाकली, कारण तिची गरज उरली नव्हती. तुमच्या हयातीत आपल्याकडेही असा निकाल यावा, असं मला फार वाटतं. तोवर तो रकाना झाकलेला राहायला हवा.

शेवटचं बोलणं भ्रूणशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी. डॉक्टरांभोवती रुग्ण, नातेवाईक, परिचारिका असतात. तुम्ही बंद खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी एकटे असता. कुणी मालक, कुणी वरिष्ठ, कुणी तुमच्याच मामाचा मुलगा एखाद्या दिवशी सहज म्हणेल, ‘फक्त मला सांग, लिहू नकोस.’ त्याला नाही म्हणा, आणि कुणी, कधी, काय विचारलं, ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. वरून दबाव आला तर या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी कळवा. अशा नकारामुळे तुमच्यापैकी कुणाची नोकरी गेली, तर मला येऊन भेटा. माझ्या विभागात जागा असली तर ती तुमची, नसली तर जिथे असेल तिथे मी स्वतः येऊन तुमच्यासाठी शब्द टाकीन.