शेकरू आणि झाडावरील बेडूक



झाडावर कोण राहते, असे वर्गात विचारले असता मुले पाखरे व माकडे यांचीच नावे सांगतात. सह्याद्रीच्या रानातील आणखी दोन वृक्षवासी त्यांच्या परिचयाचे करून द्यावेत. ते म्हणजे शेकरू व मलबारी उडता बेडूक.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो खारीच्या कुळातील, कुरतडून खाणारा सस्तन प्राणी असून दिवसा वावरतो. अणकुचीदार नखांनी तो खोड पकडतो आणि लांब झुबकेदार शेपटीने तोल सावरतो. फळे, बिया, फुले व झाडांची साल हे त्याचे अन्न. काटक्या व पाने रचून तो उंच फांद्यांवर घरटी बांधतो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो.

मलबारी बेडूक उभयचर असून रात्री वावरतो आणि कीटक खातो. त्याला नखे नाहीत; बोटांच्या टोकांवरील चकत्यांच्या साहाय्याने तो पानाला चिकटून राहतो. नावात 'उडता' असले तरी तो तरंगत खाली उतरतो. बोटांमधील तांबडे पडदे त्या वेळी छत्रीप्रमाणे पसरतात. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांत मादी फेसाचे घरटे करून अंडी घालते. पिले बाहेर पडताच खालच्या डबक्यात पडतात.

साधने भिन्न, पण गरज एकच: सलग रान. फांदीला फांदी भिडलेली नसेल, तर शेकरूचा मार्ग खुंटतो. झाडाखालचे डबके बुजले, तर बेडकाची पुढची पिढीच संपते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हे दोन्ही प्राणी 'किमान चिंतेच्या' वर्गात मोडतात. याचा अर्थ ते सर्वत्र निर्धास्त आहेत, असा मात्र नव्हे. ही नोंद संपूर्ण जातीविषयी असते. एखाद्या डोंगरावरील रान तुटले, तर तेथील प्राणी नाहीसे होतात आणि यादीतील शब्द तसाच राहतो. शेकरूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले, तेही प्रामुख्याने त्याच्यासाठी. परंतु अभयारण्याच्या सीमेबाहेरील देवराई व गावचे डबके राखणे गावकऱ्यांच्याच हाती असते.

फळ्यावर दोन रकाने आखून अन्न, घर, पिले व शत्रू यांची तुलना मुलांकडूनच भरून घ्यावी. फेसाचे घरटे दिसल्यास ते दुरूनच पाहावे, हात लावू नये. गलोल घेऊन रानात जाणारा मुलगा या पाठानंतर ती घरी ठेवून गेला, तर पाठ सफल झाला असे समजावे.