रांग खाटेची नव्हे, भूलतज्ज्ञाची

(खुटबाव येथे भरलेल्या डॉक्टरांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संमेलनाचं अध्यक्षपद एका भूलतज्ज्ञाला दिलंत, त्याबद्दल आभार. आमची जमात कुणाच्या लक्षात राहत नाही. पेढे सर्जनला मिळतात; पेशंट नीट शुद्धीवर येऊन नातेवाइकांना ओळखायला लागतो, तोवर आमची गाडी पुढच्या गावाला लागलेली असते. आयोजक, मंडपवाले, जेवणाची व्यवस्था बघणारी मुलं या सगळ्यांचे आभार मानून झाले असं समजावं.

प्रथेप्रमाणे अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. तो मी लिहून आणला आहे. डेंग्यूपासून नर्सिंग होमच्या नोंदणीपर्यंत सगळं त्यात आहे. ती पानं कार्यवाहांच्या हाती देतो, स्मरणिकेत छापा. कारण सकाळचा परिसंवाद ऐकला आणि आढावा वाचायची इच्छाच उरली नाही. जे बोलायचं मी बरीच वर्षं पुढे ढकलत आलो, नेमका तोच विषय तुम्ही परिसंवादाला ठेवलात, आणि त्यावर भूलतज्ज्ञ सोडून सगळे बोलले.

विषय होता, पैसे भरून रांग ओलांडणं योग्य की अयोग्य. एक सर्जन मित्र म्हणाले, जो खासगीत जातो तो सरकारी रांगेतून बाहेर पडतो, म्हणजे मागचे पुढे सरकतात. उलट त्याचे उपकारच मानायला हवेत. टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, असल्या प्रकारावर बंदीच घाला. त्यांनाही टाळ्या पडल्या. तिसरे म्हणाले, शरीर त्याचं, पैसा त्याचा, तुमच्या पोटात का दुखतं? टाळ्या सगळ्यात जास्त त्यांना.

उपकाराचा मुद्दा आधी घेतो. तो खरा ठरायचा तर दोन रांगांच्या टोकाला दोन वेगळी माणसं हवीत. पुण्यात कदाचित असतील. आपल्याकडे यवतपासून दौंडपर्यंत बघा. खाटा विकत मिळतात. मॉनिटर, व्हेंटिलेटर बँकेच्या कर्जावर येतो. ऑपरेशन थिएटर वर्षभरात उभं राहतं. पण भूल देणारा माणूस एमबीबीएसवर आणखी तीन वर्षं घालून तयार होतो, आणि तयार झाला की हडपसरला फ्लॅट घेतो. इकडे उरतो आम्ही बोटावर मोजण्याइतके, बॅग घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरणारे. सरकारी पद भरलं तर खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता मिळतो. पद रिकामं राहिलं तर बाहेरच्या भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलावतात. मानधनाचा आकडा आणि खासगीचा आकडा यांतलं अंतर इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. तेव्हा आपल्या भागात माणूस रांगेतून बाहेर पडतो तेव्हा एकटा पडत नाही. भूलतज्ज्ञाला सोबत घेऊन जातो.

एक प्रसंग सांगतो. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

मंगळवार होता. सरकारी रुग्णालयात हर्नियाची केस लावलेली. माणूस गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारा. पाक तयार झाला की काहील उतरवायला हात लावायचा, त्यातच हर्निया वाढलेला. मोळ्या उचलून त्याची पाठ अशी घट्ट झाली होती की आदल्या वेळी तपासतानाच मी मनात म्हटलं होतं, स्पायनलची सुई घालायला इथे जागा शोधावी लागणार. रात्रीपासून उपाशी. दाढीच्या ब्लेडने भाग साफ करून, हिरवा गाऊन चढवून, थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर झोपवलेला. मी निघतच होतो आणि खासगीतून फोन आला. त्याच गावचे एक बागायतदार, पित्ताशयात खडे, दोन दिवस कळा येऊन गेलेल्या, आता शांत होते. त्यांना ऑपरेशन उरकून शनिवारच्या लग्नाआधी घरी जायचं होतं. मी तिकडे गेलो. तेव्हा तसंच चालायचं, आजही चालतं. तिथलं आटपून दुपारी सरकारीत पोचलो तर थिएटरची वेळ संपली होती, सिस्टरने ऑटोक्लेव्ह बंद केला होता, आणि केसपेपरवर लिहिलं होतं, ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत, केस पुढे ढकलली’. त्या माणसाची बायको व्हरांड्यात डबा घेऊन बसली होती. मला पाहून उठली आणि एवढंच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आता त्यांना भाकरी देऊ का?”

रागाने नव्हे. तिला खरोखर माहिती हवी होती.

आता बागायतदारांचा काय दोष? काही नाही. कळा खोट्या नव्हत्या, पैसे घामाचे होते. कुणाचं काय गेलं, असं त्यांनी मला विचारलं असतं तर मात्र उत्तर सोपं होतं: चुलवाणवाल्याचा मंगळवार गेला. त्याला ते ठाऊक नव्हतं, बागायतदारांनाही नव्हतं. दोघांच्या मधल्या माणसाला, म्हणजे मला, ठाऊक होतं. म्हणून हा प्रश्न पेशंटच्या नीतीचा आहे हे मला मान्यच नाही. तारीख पेशंट देत नाही. तारीख आपण देतो.

या मांडवात ऊसवाले बरेच आहेत, त्यांना हे लगेच कळेल. कारखान्याकडे लागणीची नोंद असते, तारखेनुसार तोडीचा कार्यक्रम असतो. तरी मुकादमाला खुशाली दिली, ड्रायव्हरला एन्ट्री दिली की मागच्याचा फड आधी तुटतो. पण तिथे निदान नोंद असते! नंबर चुकला की शेतकरी शेतकी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटतो. माझ्या हर्नियावाल्याने कुठल्या टेबलावर हात आपटायचा? त्याच्या आधी कोण, मागे कोण, त्याचा नंबर कुणी घेतला, हे लिहिलेला कागदच नाही.

बंदीवाल्या मित्रांना एवढंच सांगतो, जगाने बंदी करून पाहिली आहे. इंग्लंडात १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा बड्या डॉक्टरांना राजी करायला सरकारी रुग्णालयांतच पैसेवाल्यांच्या खाटा ठेवू दिल्या. १९७४ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात कर्मचाऱ्यांनी त्या पेशंटांची कामं करायला नकार दिला, मोठा गहजब झाला. त्या खाटा कमी करायचा कायदाही झाला, पण पैसेवाले काही संपले नाहीत, शेजारच्या खासगी रुग्णालयात गेले. कॅनडात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्यूबेकच्या खटल्यात सांगितलं, की सरकारी रांग इतकी लांब ठेवून वर खासगी विम्याला मनाई करता येणार नाही. निकाल चार विरुद्ध तीन असा निसटता होता. ही भांडणं त्यांच्याकडे होऊ शकतात, कारण त्यांच्याकडे रांग कागदावर आहे.

आपल्याकडे एका ठिकाणी यादी आहे. १९९४च्या कायद्याखाली मेंदूमृत दात्याचे अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत वाटले जातात. मूत्रपिंडासाठी माणूस किती काळ डायलिसिसवर आहे याचे गुण धरतात. त्या यादीतही पैशाला फट आहेच. नाव घालायला प्रत्यारोपण करणारं रुग्णालय गाठावं लागतं, आणि दात्याचं एक मूत्रपिंड सहसा त्याच रुग्णालयाच्या पेशंटला जातं. पण एकदा यादीत चढल्यावर आमदाराचा फोन आला म्हणून तिसरा पहिला होत नाही. हे आपल्याच राज्यात, आपल्यासारखेच डॉक्टर करतात. मग हर्नियाला, मोतीबिंदूला, गर्भाशयाच्या गाठीला का जमू नये?

परळच्या टाटा रुग्णालयाचा दाखला सकाळी आला. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशी वेगळी नोंद होते, डॉक्टर तेच, आणि प्रायव्हेटच्या पैशाचा जनरलला आधार होतो. आधाराला माझा विरोध नाही. पैशाने वेगळी खोली घ्या, एसी घ्या, जेवण घ्या. तारीख तेवढी विकू नका, इतकंच माझं म्हणणं आहे.

धर्मादाय रुग्णालयांचं तेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. टक्केवारी खाटांची ठरली, थिएटरच्या वेळेची नाही. महात्मा फुले योजनेतही पाहा. ‘योजनेत बसतं का’ हा आपल्या ओपीडीतला पहिला प्रश्न असतो. बसलं, मंजुरी आली, की योजनेचा पेशंट लिस्टच्या शेवटी आणि कॅशवाला सकाळी आठला. हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, उत्तमच झालं. चुलवाणवाला तेव्हाही पैशाने अडला नव्हता.

पैशाने वेगळी खोली हे आश्रमातही चालतं. इथून पुण्याकडे निघालं की दुसरं स्टेशन उरुळी. १९४६ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचाराचा आश्रम सुरू केला, कारण पुण्यात बसून हा उपचार गरिबांपर्यंत पोचणार नाही हे त्यांना पटलं. आज तिथेही खोल्यांचे दर वेगवेगळे आहेत. तक्रार म्हणून सांगत नाही, आश्रमालाही वीजबिल येतं.

मी इकडे नवीन आलो तेव्हा रेल्वेच्या शटलने हिंडायचो. बॅगेत लॅरिंगोस्कोप आणि सुया, डब्यात सगळे ओळखीचे. केडगावला उतरायचं, कुणीतरी एम-एटी घेऊन उभा असायचा. आज वाटतं, तेव्हा रांगेचा त्रास नव्हता. मग आठवतं, रांग नव्हती कारण ऑपरेशनंच होत नव्हती. हर्नियावाला लंगोट आवळून आयुष्य काढायचा, आणि आतडं अडकलं की शटलमधून पुण्याच्या ससूनला. आजचं बरं आहे. आजचंच नीट करा.

संमेलनाने काय करावं? प्रत्येक थिएटरबाहेर, सरकारी असो वा खासगी, एक वही असावी: ऑपरेशन कधी सांगितलं, कधी झालं, पुढे का ढकललं, आणि त्या वेळी भूलतज्ज्ञ कुठे होता. नावं नकोत, नंबर पुरे. अपघात आणि सिझेरियन यांना वही लागू नाही, त्यावर वाद नको. आठवड्यातल्या काही सकाळी आम्ही भूलतज्ज्ञांनी सरकारी रुग्णालयासाठी बांधून द्याव्यात आणि त्या वेळी कुणाचाही फोन उचलू नये. मानधन किती, कोण देणार, नियम कुणी करायचा, हे मला आज सांगता येणार नाही. कार्यकारिणीने आरोग्य खात्याशी बसून ठरवावं. वही कुणी तपासायची यावरच पहिली वर्षं जातील, याचीही कल्पना आहे.

तसा ठराव मांडायला मी कुणाला पढवून आणलेलं नाही. ज्याला मांडायचा त्याने मांडावा. सर्जन मंडळींचे चेहरे मला इथून स्पष्ट दिसताहेत. ज्यांना उत्तर द्यायचं आहे त्यांनी जेवणाआधी द्यावं, मी थांबलो आहे.