रिसी शिखराची वाट

युरोपांतील कार्पेथियन पर्वताचा सर्वांत उंच भाग म्हणजे टाट्रा. उंचीनें तो आल्प्सहून लहान, पण रूपानें अगदीं त्याच घराण्यांतला. त्याच्या कण्यावरून पोलंड व स्लोव्हाकिया यांची सरहद्द जाते, आणि त्या सरहद्दीवरच रिसी हें शिखर उभें आहे. उंची २,४९९ मीटर, म्हणजे सुमारें ८,२०० फूट. पोलंडमध्यें याहून उंच जागा नाहीं. गंमत अशी कीं, शिखराला माथे तीन आहेत. त्यांतला सर्वांत उंच तो स्लोव्हाकियाच्या हद्दींत, आणि पोलंडच्या वांट्याला आला तो किंचित् ठेंगणा!

उन्हाळ्यांत हें शिखर एका दिवसांत चढून उतरतां येतें. मात्र पहाटेच निघावें लागतें. पहिले आठ-नऊ किलोमीटर अरण्यांतून डांबरी रस्ता आहे. तो संपतो १,३९५ मीटर उंचीवरील 'मोर्स्किये ओको' या सरोवरापाशीं. नांवाचा अर्थ 'समुद्राचा डोळा'. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तरीहि तळ्याच्या बुडांतून त्याला वाट आहे, अशी जुन्या लोकांची समजूत होती. या पाण्याच्या मालकीवरून गॅलिशिया आणि हंगेरी यांच्यांत दीर्घकाळ तंटा चालला. १९०२ सालीं ग्राट्स येथील लवादानें तो गॅलिशियाच्या बाजूनें तोडला.

काठानें वळसा घेऊन तासाभराची चढण चढली कीं वरचें तळें लागतें, 'चार्नी स्ताव', म्हणजे काळें तळें. आकारानें धाकटें, पण खोली ७६ मीटर. खालच्या थोरल्या तळ्याहूनहि अधिक. कड्यांच्या सावलींत पाणी काळेंभोर दिसतें. पुष्कळ लोक येथूनच परततात, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. कारण माथा अजून ९०० मीटरांहून वर असतो.

पुढें उन्हाळ्याच्या आरंभीं बर्फाचे पट्टे लागतात, आणि मग उघडा कातळ. आधाराला लोखंडी साखळदंड ठोकलेले आहेत. रेडियमचा शोध जाहीर झाल्यानंतरच्याच उन्हाळ्यांत, १८९९ सालीं, मेरी क्युरी पतीसह हें शिखर चढून गेल्या होत्या.

परंतु जो साखळदंड हाताला आधार देतो, तोच वीज कडाडूं लागली म्हणजे वैरी होतो. टाट्रांतील उन्हाळ्याची सकाळ कितीहि निर्मळ असो, दुपारीं वादळ उठावयास वेळ लागत नाहीं. याच पर्वतांतील ग्येवोंत शिखरावर लोखंडी क्रूस आहे आणि साखळदंडहि आहेत. २२ ऑगस्ट २०१९ रोजीं तेथें वीज कोसळून चार माणसें दगावलीं. शंभरांहून अधिक जखमी झालीं. म्हणून रिसी चढणाऱ्यानें घड्याळ आणि आभाळ दोन्ही पाहावीं. ढग दाटूं लागले आणि माथा तासभर दूर असला, तर तो तसाच सोडावा.

आभाळ मोकळें राहिलें तर माथ्यावरून दोन्ही तळीं एकापुढें एक दिसतात, जवळचें काळें, पलीकडचें हिरवट. तेथें फार वेळ रेंगाळतां येत नाहीं. उतरावयास जवळजवळ चढण्याइतकाच वेळ लागतो, आणि तळ्याकांठीं पोंचल्यावरहि त्या डांबरी रस्त्याचे आठ-नऊ किलोमीटर उरतातच.